डबलसीट नेताय? आधी दोन शब्द बोला!

गाडी चालवायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. पण मागे कसे बसावे आणि मागे बसलेल्याला सुखरूप कसे न्यावे, हे मात्र कुणीच शिकवत नाही. एखाद्याला पहिल्यांदाच मोटरसायकलवर मागे बसवून नेताना कोणती काळजी घ्यावी?

संध्याकाळी सहा-साडेसहाचा सुमार झाला की भिलाईच्या वेगवेगळ्या सेक्टरांमधून सिव्हिक सेंटरकडे दुचाक्यांची रीघ लागते. कुणी खरेदीला निघालेले असते, कुणी नातेवाइकांकडे, तर कुणी नुसतेच फिरायला. रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना झाडे. पुढे नवरा, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बायको, तिच्या मांडीवर मूल आणि हातात पिशवी, असे दृश्य जागोजागी दिसते. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असलेच, तर बायकोच्या डोक्यावर ते क्वचितच असते. मुलाच्या डोक्यावर असते फक्त लोकरी टोपी, तीही थंडीच्या दिवसांत.

हे दृश्य पुण्यात, नागपुरात, नाशकातही तसेच दिसते. पण भिलाईत ते अधिक खटकते, कारण हे शहर उभे राहिले तेच पोलाद कारखान्यामुळे. १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक इथे नोकरीसाठी आले. त्यांत मराठी कुटुंबेही होती. छत्तीसगड राज्य व्हायच्या आधी, म्हणजे १ नोव्हेंबर २००० पर्यंत, भिलाई मध्य प्रदेशात होते.

पोलाद कारखान्यात काम करणाऱ्याला सुरक्षिततेचे महत्त्व कुणी वेगळे सांगायला नको. डोक्यावर हेल्मेट आणि पायात सेफ्टी शूज असल्याशिवाय भट्टीच्या जवळपास फिरकता येत नाही. जून २०१४ मधील वायुगळती आणि ऑक्टोबर २०१८ मधील गॅसवाहिनीचा स्फोट या शहराने पाहिला आहे. अपघात काय असतो आणि त्यानंतर घराची काय अवस्था होते, हे इथल्या घराघरांना ठाऊक आहे. असे असूनही कारखान्यात आठ तास डोके सांभाळणारा माणूस संध्याकाळी घरी येतो आणि बायकोला उघड्या डोक्याने मागे बसवून बाजारात घेऊन जातो. तेव्हा त्याला त्यात काही चुकते आहे, असे वाटतही नाही.

कारखान्यात नवा माणूस आला की त्याला थेट यंत्रावर उभे करत नाहीत. कुठे हात लावायचा, कुठे लावायचा नाही, धोका दिसला तर काय करायचे, हे त्याला आधी सांगितले जाते. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाना कायद्यात सुधारणा झाली आणि कामगारांना सुरक्षिततेची माहिती व प्रशिक्षण देणे ही मालकाची जबाबदारी ठरली. मोटरसायकलच्या मागच्या सीटवर पहिल्यांदा बसणारी व्यक्तीसुद्धा अशीच नवी असते. तिला मात्र आपण एवढेच म्हणतो, ‘‘बस पटकन, उशीर होतोय.’’

कोण असतो हा नवा प्रवासी?

लग्न होऊन आलेली नवी सून असते. माहेरी तिने कदाचित सायकलच चालवलेली असते. नवऱ्याला घट्ट धरावे तर सासूसासरे पाहत असतात, शेजारी काय म्हणतील याची धास्ती असते. मग ती सीटची कड दोन बोटांत पकडून कशीबशी बसते. गाडी सुरू होताना बसणारा पहिला झटका तिला मागे फेकायला पुरेसा असतो.

गावाहून आलेल्या सासूबाई असतात. त्यांचे गुडघे दुखत असतात, सीट उंच असते आणि पाय कुठे टेकवायचा हे त्यांना माहीत नसते. कॉलेजातला मित्र असतो. त्याला भीती वाटत नाही, पण तो मागे बसून मोबाइल पाहतो, वळणावर उगाचच उलट्या बाजूला झुकतो. रात्रपाळी संपवून घरी निघालेला, झोपेने डोळे मिटत असलेला सहकारी असतो. शाळेच्या बसऐवजी बाबांच्या गाडीवर बसायला मिळाले म्हणून खूश झालेले लहान मूल असते.

या प्रत्येकाची अडचण वेगळी आहे. म्हणून सगळ्यांना एकाच पद्धतीने गाडीवर चढवून चालत नाही. ‘‘याआधी कधी मोटरसायकलवर बसला आहात का?’’ एवढा एक प्रश्न विचारला तरी निम्मे काम होते. संकोचामुळे बरेच जण ‘‘हो, हो’’ म्हणून मोकळे होतात. पण ती व्यक्ती गाडीवर कशी चढते, हात कुठे ठेवते, हे पाहिले की खरे काय ते लगेच कळते.

वजन वाढते, गाडी बदलते

आपल्याकडच्या साध्या १०० सीसी मोटरसायकलचे वजन ११० किलोच्या आसपास असते. तिच्यावर ६० किलोची व्यक्ती मागे बसली, म्हणजे गाडीच्या निम्म्याहून अधिक वजनाची भर पडली. शिवाय हे वजन मागच्या चाकाच्या जवळ आणि उंचावर असते. त्यामुळे मागचे शॉकअॅब्सॉर्बर दबतात, पुढचे चाक हलके होते आणि हँडल सैल वाटू लागते. एकट्याने चालवताना हातात बसलेली गाडी अचानक परकी वाटते. सगळ्यात जास्त तोल जातो तो सुसाट वेगात नव्हे, तर अगदी कमी वेगात. निघताना, यू टर्न घेताना, सिग्नलला थांबताना. जुन्या चालकाला याची सवय असते. पण चालक आणि प्रवासी दोघेही नवे असतील, तर गाडी जागच्या जागीच आडवी होण्याची शक्यता असते.

ब्रेकचेही तसेच. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. समोर कुत्रे आले, हे लक्षात येऊन हात ब्रेककडे जाईपर्यंतच एवढे अंतर कापले जाते. मागे माणूस असताना गाडी थांबायला आणखी जागा लागते. त्यामुळे पुढच्या वाहनापासून एरवी दोन सेकंदांचे अंतर ठेवत असाल, तर डबलसीट असताना ते तीन-चार सेकंदांचे ठेवावे. रस्त्यावरचा एखादा खांब धरून हे मोजता येते. पुढची गाडी खांबाजवळून गेली की मनात आकडे मोजायचे. मागे माणूस असताना मागचा ब्रेक अधिक उपयोगी पडतो. तरीही दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबावेत. ब्रेक लावताच मागच्याचे हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आदळत असेल, तर तुमचा ब्रेक हिसकेबाज आहे, असे खुशाल समजावे.

टायरमधल्या हवेकडे तर बहुतेकांचे लक्षच नसते. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत मागच्या टायरच्या हवेचे दोन आकडे दिलेले असतात. एक एकट्यासाठी आणि दुसरा, जास्त दाबाचा, डबलसीटसाठी. काही गाड्यांमध्ये या दोहोंत दहा पौंडांहून अधिक फरक असतो. हवा कमी असेल तर वळणावर गाडी डुलते आणि टायर तापतो. मागचे शॉकअॅब्सॉर्बरही वजनानुसार घट्ट करता येतात. गॅरेजवाला ते दोन मिनिटांत करून देतो. ते केले नाही, तर गाडीचे नाक वर उचलले जाते आणि रात्री हेडलाइटचा झोत रस्त्यावर पडण्याऐवजी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

साडी, पदर आणि मागचे चाक

आपल्याकडे मागे बसण्याचा प्रश्न बराचसा साडीचा आहे. साडी नेसून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे कठीण, म्हणून एका बाजूला बसण्याची पद्धत पडली. पण असे बसल्यावर शरीराचे वजन एकीकडे जाते, पकड एकाच हाताची राहते आणि अचानक ब्रेक लागला तर अंगाला आधार उरत नाही. ब्रिटनच्या १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्यात तर मागच्या प्रवाशाने दोन्ही बाजूंना पाय टाकूनच बसले पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. याच्या अगदी उलट, २०१३ मध्ये इंडोनेशियातील आचे प्रांतातल्या ल्होकसेउमावे शहराच्या महापौरांनी बायकांनी दोन्ही बाजूंना पाय टाकून बसू नये, असा फतवा काढला होता. म्हणजे बाईने कसे बसावे, हे ठरवताना सुरक्षिततेपेक्षा ‘शोभते का’ हाच विचार जगात अनेक ठिकाणी होतो.

आपल्या कायद्याने मधला मार्ग काढला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानुसार प्रत्येक मोटरसायकलला तीन गोष्टी हव्यात. मागच्या व्यक्तीला धरण्यासाठी पक्की मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी जाळी. ही जाळी म्हणजेच साडी गार्ड. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत, हाच तिचा हेतू आहे. या गोष्टी नसलेल्या गाड्या बाजारात येत असल्याची तक्रार मध्य प्रदेश उच्च न्यायालयात गेली. २००८ मध्ये न्यायालयाने नियमाची अंमलबजावणी करण्याचा आदेश दिला. वाहन उत्पादकांची संघटना त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली, पण २०१८ मध्ये तिथेही तिला यश आले नाही.

इतके होऊनही अनेक तरुण नवी गाडी घरी आणल्यावर पहिले काम करतात ते साडी गार्ड काढून टाकण्याचे. का, तर गाडी ‘म्हातारी’ दिसते! तीच गाडी मग आईला देवळात, वहिनीला दवाखान्यात न्यायलाही वापरली जाते. ओढणी किंवा पदर चाकात गेला की तो काही क्षणांत गुंडाळला जातो आणि मागे बसलेली व्यक्ती खाली खेचली जाते. ओढणी गळ्याभोवती असेल तर काय होते, हे सांगण्याची गरज नाही. म्हणून गाडीवर बसण्यापूर्वी पदर कमरेला खोचावा, ओढणी मागे गाठ मारून कुडत्याच्या आत घ्यावी. लांबचा प्रवास असेल तर सलवार-कमीज किंवा पँट घालून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणेच योग्य. त्यात लाजण्यासारखे काही नाही आणि घरातल्या मोठ्यांनीही त्याला नाक मुरडू नये.

एका बाजूला बसणे भागच असेल, तर दोन्ही पाय फूटरेस्टवर टेकवावेत, एका हाताने मूठ आणि दुसऱ्या हाताने चालकाची कंबर किंवा खांदा धरावा. पिशवी हातात न ठेवता हुकाला किंवा डिकीत ठेवावी. अशा वेळी चालकानेही वेग कमीच ठेवायला हवा.

दोन डोकी, हेल्मेट मात्र एकच

नवी मोटरसायकल घेतली की पेढे वाटले जातात, हार घातला जातो, लिंबू-मिरची बांधली जाते. सीट कव्हर, आरसे, स्टिकर यांवरही पैसे खर्च होतात. पण दुसरे हेल्मेट घ्यायचे ठरले की खिशाला चिमटा बसतो.

‘हेल्मेट चालवणाऱ्यासाठी असते’ हा गैरसमज फार जुना आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम चालकाइतकेच मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. पगडी बांधणाऱ्या शिखांना त्यातून सूट आहे. दिल्लीत अनेक वर्षे महिलांना हेल्मेटची सक्ती नव्हती. २०१४ मध्ये शीख महिला वगळता इतर सर्व महिलांना ती लागू झाली. मुंबईत वाहतूक पोलिसांनी जून २०२२ पासून मागच्या प्रवाशाच्या हेल्मेटबाबत कडक कारवाई सुरू केली, तेव्हा अनेकांना हा नियम नवाच वाटला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हेल्मेट नसल्यास १००० रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना निलंबित करण्याची तरतूद आहे.

दंडाची भीती बाजूला ठेवली, तरी आकडे बोलके आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा रस्त्यावर बळी गेला. त्यांपैकी १४,३३७ जण गाडी चालवत नव्हते, ते मागे बसलेले होते. म्हणजे दिवसाला सरासरी ३९ माणसे.

ताशी ४० किलोमीटर हा वेग आपल्याला अगदीच किरकोळ वाटतो. पण त्या वेगाने डोके एखाद्या कठीण वस्तूवर आदळणे म्हणजे सुमारे सहा मीटर उंचीवरून, दुमजली घराच्या गच्चीवरून पडण्यासारखे आहे. गच्चीच्या कठड्यावर आपण मुलांना बसू देत नाही. मग इथेच एवढा निर्धास्तपणा कशासाठी?

कारणे सर्वांकडे तयार असतात. ‘‘जवळच तर जायचंय’’, ‘‘केस विस्कटतात’’, ‘‘मे महिन्यात डोकं भाजून निघतं.’’ भिलाईचा उन्हाळा खरोखरच कडक असतो. पण आतून सुती रुमाल बांधला की घामाचा त्रास कमी होतो. हेल्मेट आयएसआय चिन्हाचेच घ्यावे. १ जून २०२१ पासून तसे चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकता येत नाही. ते डोक्यावर घट्ट बसावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली लावलेला असावा. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्याला उडून जाते. कारखान्यातले पिवळे किंवा पांढरे हेल्मेट तर गाडीवर अजिबात चालत नाही. ते वरून पडणाऱ्या वस्तूपासून डोके वाचवण्यासाठी बनवलेले असते, रस्त्यावर आपटण्यासाठी नव्हे.

सगळ्यात लहान प्रवासी

मुलांच्या बाबतीत आपण सर्वांत जास्त जीव लावतो आणि सर्वांत जास्त बेफिकीरही तिथेच असतो. पेट्रोलच्या टाकीवर बसवलेले मूल किंवा आईबाबांच्या मध्ये दाबून बसवलेली दोन भावंडे ही आपल्याकडची नेहमीची दृश्ये आहेत. कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार दुचाकीवर चालकाशिवाय फक्त एकच व्यक्ती बसू शकते, तीही मागच्या पक्क्या सीटवर. नवरा, बायको आणि मूल अशा तिघांना सूट द्यावी, अशी मागणी २०२३ मध्ये केरळमधून झाली होती, पण केंद्र सरकारने ती मान्य केली नाही.

चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. त्याहून लहान, म्हणजे नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये वेगळा नियम जाहीर झाला आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू झाला. मुलाच्या डोक्याला बसेल असे हेल्मेट हवे, त्याला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा हवा आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नको. हा पट्टा जाकिटासारखा मुलाच्या अंगात घालतात आणि त्याच्या वाद्या चालकाने खांद्यांवर अडकवायच्या असतात. गाडीवर मुले हमखास झोपतात, हे प्रत्येक आईबापाला माहीत आहे. झोपलेले मूल घसरू नये, एवढ्यासाठी तरी हा पट्टा घ्यावा. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र गाडीवर नेऊच नये. रिक्षाचे भाडे त्या जिवापुढे काहीच नाही.

पहिली फेरी कशी असावी?

नव्या प्रवाशाला पहिल्यांदाच घेऊन थेट हमरस्त्यावर जाऊ नका. भिलाईत राहणाऱ्यांना एक सोय आहे. सेक्टरांमधले आतले रस्ते दुपारच्या वेळी बरेच शांत असतात. पाळी बदलण्याच्या वेळा, म्हणजे सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा, तेवढ्या टाळाव्यात. दहा-पंधरा मिनिटांची, दिवसाउजेडीची एक फेरी पुरेशी असते. इतर शहरांत वसाहतीतला एखादा मोकळा रस्ता किंवा मैदान चालेल.

चढताना चालकाने आधी गाडी सरळ उभी करावी, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवावेत, पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि मग ‘‘आता बसा’’ म्हणावे. तोवर मागच्याने पाय उचलू नये. चढायचे ते नेहमी डाव्या बाजूने, चालकाच्या खांद्यावर हात ठेवून. सायलेन्सर बहुतेक गाड्यांना उजवीकडे असतो आणि त्याचा चटका पोटरीला बसतो, हेही आधीच सांगावे. मागची व्यक्ती नीट बसली, पाय फूटरेस्टवर आले आणि तिने ‘‘हं, चला’’ म्हटले की मगच क्लच सोडावा. उतरतानाही हाच क्रम. अनेक जण गाडी पुरती थांबण्याआधीच उडी मारतात आणि दोघेही पडतात.

सिग्नलला गाडी थांबली की मागच्याने पाय खाली टेकवू नयेत. गाडी सांभाळणे हे चालकाचे काम. वळणावर गाडी झुकते, तेव्हा नवा माणूस घाबरून उलट दिशेला अंग टाकतो आणि त्यामुळे गाडी वळायलाच तयार होत नाही. त्याला सांगावे, की फार विचार करू नका, ज्या बाजूला वळायचे त्या बाजूच्या माझ्या खांद्यावरून पुढे पाहा. एवढे केले की अंग आपोआप योग्य तेवढे झुकते. गतिरोधक किंवा खड्डा आला की चालकाने ‘‘धरा’’ म्हणावे. मागच्याला पुढचा रस्ता दिसत नसतो, म्हणून तुम्हाला साधा वाटणारा धक्का त्याच्या कमरेत बसतो. रेल्वेचे रूळ शक्य तितके सरळ ओलांडावेत. पावसात त्यांच्यावरून चाक हमखास घसरते.

हमरस्त्याची गोष्ट वेगळी. दुर्ग, भिलाई आणि रायपूर यांना जोडणाऱ्या ग्रेट ईस्टर्न रोडवर अवजड ट्रकांची वर्दळ असते. त्यांच्या शेजारून जाताना वाऱ्याचा झोत गाडीला ढकलतो. याच रस्त्यावर कुम्हारी येथे डिसेंबर २०२२ मध्ये काम अपूर्ण असलेल्या उड्डाणपुलावरून मोटरसायकल खाली कोसळली. त्यात पती-पत्नी ठार झाले आणि सोबतची मुलगी जखमी झाली. असे रस्ते सुरक्षित ठेवणे ही ते बांधणाऱ्यांची जबाबदारी आहे, ती कुणावर ढकलता येणार नाही. आपल्या हातात आहे ते एवढेच, की कुटुंबाला घेऊन रात्री अनोळखी किंवा काम चालू असलेल्या रस्त्याने जाणे टाळावे आणि जावेच लागले, तर दिव्याच्या उजेडात थांबता येईल इतक्याच वेगाने जावे.

ज्यांच्याकडे अजून शिकाऊ परवानाच आहे, त्यांनी तर कुणाला मागे घेऊच नये. शिकाऊ चालकाच्या मागे शिकवणाऱ्याशिवाय दुसरे कुणी बसू शकत नाही, असा नियमच आहे. परवाना हातात येण्याआधीच मित्रांना फिरवून आणणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवावे.

विम्याचा कागद उघडून पाहा

आणखी एक गोष्ट बहुतेकांना अपघातानंतरच कळते. गाडीचा विमा असला म्हणजे मागे बसलेल्याला भरपाई मिळेलच, असे नाही. स्वस्त पडतो म्हणून अनेक जण फक्त थर्ड पार्टी विमा घेतात. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केले, की अशा विम्यात मागे बसलेली व्यक्ती ‘थर्ड पार्टी’ धरली जात नाही, त्यामुळे विमा कंपनीवर तिची जबाबदारी येत नाही. म्हणजे तुमच्या चुकीने मागचा जखमी झाला, तर भरपाईचा भार तुमच्यावरच येऊ शकतो. सर्वसमावेशक, म्हणजे पॅकेज पॉलिसीत मागचा प्रवासी धरला जातो. विमा नियामकाने २००९ मध्ये तसे परिपत्रक काढले होते.

गाडीच्या विम्यासोबत १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, तेही गाडीचा मालक स्वतः चालवत असेल तरच त्याला मिळते. मागच्या व्यक्तीसाठी थोडा जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घेता येते. पुढच्या वेळी विम्याचे नूतनीकरण करताना एजंटला हा प्रश्न जरूर विचारा. घरातल्या बायकांनीही तो कागद एकदा वाचावा, कारण मागच्या सीटवर बहुधा त्याच असतात.

मागे बसणाऱ्याचेही ऐकावे

‘‘अहो, जरा हळू चालवा ना!’’ हे वाक्य मराठी घरांत किती वेळा म्हटले गेले असेल आणि किती वेळा हसण्यावारी नेले गेले असेल! ‘‘तुला काय कळतंय गाडीतलं?’’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. पण मागे बसणाऱ्याला गाडीतले कळण्याची गरजच नाही. आपल्याला भीती वाटते आहे, हे तिला कळते आणि तेवढे पुरेसे आहे. तिच्या हातात हँडल नाही, पायाखाली ब्रेक नाही, समोरचा रस्ताही धड दिसत नाही. ती केवळ चालकाच्या भरवशावर बसलेली असते. तिने हळू म्हटले, तर वेग कमी करायलाच हवा.

निघण्यापूर्वीच एखादी खूण ठरवून घ्यावी. वाऱ्यात आणि हॉर्नच्या आवाजात बोललेले ऐकू येत नाही. खांद्यावर एकदा थोपटले की हळू, दोनदा थोपटले की थांबा, एवढे पुरते. नव्या सुनेला, वयस्कर सासूबाईंना, लहान मुलाला बोलायचा संकोच वाटतो. त्यांना या खुणेमुळे बोलता येते.

अर्थात मागे बसणाऱ्याची जबाबदारीही आहेच. मागून सतत सूचना करणे, अचानक हात दाखवून ‘‘ते बघा, ते बघा’’ म्हणणे, मोबाइलवर बोलत अंग हलवणे, हे सगळे चालकाचे लक्ष उडवते. चालक दारू प्यायलेला असेल किंवा झोपेने पेंगत असेल, तर त्याच्या मागे बसायला नकार देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मग तो नवरा असो, भाऊ असो की साहेब असो. एक दिवस रुसवा सहन करावा लागला तरी चालेल.

आता काळ बदलतो आहे. अनेक घरांत मुलगी गाडी चालवते आणि आई मागे बसते, बायको चालवते आणि नवरा मागे बसतो. वर्षानुवर्षे पुढच्या सीटवर बसलेल्या पुरुषांना मागे बसायची वेळ आली की त्यांचा हात आपोआप मूठ शोधू लागतो, पाय नसलेला ब्रेक दाबू लागतो. मागे बसल्यावर कसे वाटते, हे त्यांना तेव्हा समजते. प्रत्येक चालकाने अधूनमधून आपल्याच गाडीवर मागे बसून पाहायला हवे.

निघण्यापूर्वी हे पाहा

• मागच्या टायरमधली हवा डबलसीटच्या आकड्याइतकी आहे ना?

• दोघांचीही हेल्मेट आयएसआय चिन्हाची आणि पट्टा लावलेली आहेत ना?

• साडी गार्ड, मूठ आणि मागचे फूटरेस्ट जागेवर आहेत ना? फूटरेस्ट उघडले का?

• पदर खोचला, ओढणी बांधली, चपलेचा बंद लावला का?

• साइड स्टँड वर घेतला का?

• हळू आणि थांबा यांची खूण ठरली का?

हे सगळे पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत. कारखान्याच्या फाटकावर जी शिस्त मुकाट्याने पाळली जाते, ती घराच्या फाटकावरही पाळली, तर मागच्या सीटवर बसलेले आपले माणूस निर्धास्तपणे जाईल आणि सुखरूप घरी परत येईल.